आधी बोळ मोजा

यांची तीस वर्षे दुसऱ्याची काळीपिवळी चालवण्यात गेली. परभणी-जिंतूर रस्ता तोंडपाठ, पण गाडी कधी आपली नव्हती. यंदा मुलाने भाड्याने लावायला स्वतःची गाडी घ्यायचे ठरवले. त्याचे मन स्कॉर्पिओ क्लासिकवर, यांचे बोलेरोवर. आठ दिवस घरात वाद.

शेवटी सूनबाईने टेप घेऊन बोळ मोजला. बोलेरो चार मीटरला जेमतेम कमी. स्कॉर्पिओ जवळजवळ अर्धा मीटर जास्त लांब. ती आमच्या वळणावर अडकणार. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर जीएसटी १८ टक्के, मोठीवर ४० टक्के. बोलेरोत मागच्या दोघांना आडवे बसावे लागते, हेही खरे.

मुलगा म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

हे म्हणाले, "हप्ता लोक भरणार आहेत का?"

बोलेरो आली. मुलाने चावी यांच्या हातात दिली. यांनी ती परत केली आणि शेजारच्या सीटवर बसले. "आयुष्यभर लोकांना नेले. आज तू मला ने."

भगिनींनो, गाडी घ्या. पण आधी बोळ मोजा, मग हप्ता. मोठेपणा शेवटी.