काकांचा लॅप रेकॉर्ड

जुना गेम नव्या लॅपटॉपवर उघडला की काळा पडदा येतो, आणि दोन सेकंदांत आपण परत डेस्कटॉपवर. बरेच जण इथेच 'विंडोज अकरावर हे चालत नाही' म्हणून नाद सोडतात. माझ्या अनुभवात यातले बरेचसे गेम चालतात. मध्ये फक्त एक दुभाष्या लागतो.

आम्हा मोहगावकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गाव पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरजवळ. घरात मराठी, तहसिलीत हिंदी. आजी मराठीत सांगणार आणि अर्जनवीस हिंदीत लिहिणार, हे नेहमीचंच. ग्राफिक्स रॅपर नेमकं हेच काम करतो. १९९७ चा 'नीड फॉर स्पीड टू एसई' घ्या. चांगलं चित्र हवं असेल तर तो थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डशी 'ग्लाइड' भाषेत बोलायचा. ती कंपनी बुडाली आणि ते कार्डही गेलं. आता 'डीजीवूडू २'सारखा रॅपर गेमचं ग्लाइडमधलं बोलणं ऐकतो आणि आजच्या कार्डाला डायरेक्टथ्रीडीत सांगतो. युक्ती साधी आहे. गेमला लागणारी डीएलएल फाईल विंडोज आधी गेमच्याच फोल्डरात शोधतं. म्हणून रॅपरची त्याच नावाची फाईल तिथे ठेवायची.

मी यात पडलो ते काकांच्या हार्ड डिस्कमुळे. काका आता नाहीत. संत्र्याचा हंगाम उरकला की रात्री जेवून ते हा गेम खेळायला बसत, आणि रेकॉर्डच्या तक्त्यात त्यांचं नाव अजून आहे, असं त्यांच्या नातीला कुणीतरी सांगितलं. तिने आजोबांना पाहिलेलंही नाही. "मामा, मला त्यांचा टाइम बघायचाय," एवढंच तिचं म्हणणं.

पहिलं काम म्हणजे अख्ख्या फोल्डरची प्रत काढणं. हे कधीही टाळू नका. जुनी सेव्ह फाईल एकदा बिघडली की ती पुन्हा कुठून आणणार?

मग गेम कुठे पडतोय ते पाहिलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोसळलेल्या फाईलचं नाव मिळतं. इथे रॅपरचीच डीएलएल दिसली. फोल्डर उघडलं तर तिच्या भावाने हौसेने दोन वेगवेगळ्या रॅपरच्या फाईली एकत्र टाकलेल्या, आणि वर विंडोज ९८ चा कंपॅटिबिलिटी मोडही चालू! एकाच अर्जावर दोन अर्जनवीस, आणि तिसरा मागून सांगतोय. मी कंपॅटिबिलिटी मोड बंद केला, एक रॅपर काढला आणि दुसऱ्याच्या ३२ बिटच्या फाईली ठेवल्या. गेम ३२ बिटचा असेल तर ६४ बिटची डीएलएल तो उचलत नाही, इथे पुष्कळ जण अडकतात. प्रत्येक बदलानंतर गेम चालवून बघायचा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने जमलं ते कळत नाही.

काही गेम आणखी वेगळ्या कारणाने पडतात. कार्डाची मेमरी २ जीबीच्या वर असली की जुन्या हिशेबात तो आकडा उणे होतो आणि गेमला वाटतं मेमरीच नाही. रॅपरच्या सेटिंगमध्ये ती कमी दाखवता येते. सेफडिस्कचं कुलूप असलेल्या सीडीपुढे मात्र रॅपरचा इलाज नाही. विंडोज दहापासून त्याचा ड्रायव्हरच चालत नाही. आणि डीएलएल घ्यायची ती रॅपर बनवणाऱ्याच्याच साइटवरून.

गेम सुरू झाला आणि मी क्षणभर गप्प झालो. काकांच्या नागपूरहून आणलेल्या कॉम्प्युटरात थ्रीडी कार्ड नव्हतं. ते कायम साध्या, ठोकळेबाज चित्रातच खेळले. हे गुळगुळीत रस्ते त्यांनी कधी पाहिलेच नाहीत.

तक्त्यात नाव होतं. नातीने लगेच गाडी काढली, मग मध्येच थांबून विचारलं, "मी जिंकले तर आजोबांचं नाव पुसलं जाईल?"

"जाईल," मी म्हणालो, "पण या फोल्डरातून. माझ्याकडच्या प्रतीत राहील."

सध्या ती चार सेकंदांनी मागे आहे, आणि तिची आई माझ्यावर वैतागलेली आहे, कारण परीक्षा जवळ आलीय.