चार घासांचें जेवण

अलीकडे भेटणारा प्रत्येक मनुष्य मला पहिला प्रश्न विचारतो तो प्रकृतीचा. दुसरा तो विचारीत नाहीं, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो : 'मास्तर एवढे वाळले, कांहीं वाईट दुखणें तर नसेल ?' तसें कांहीं नाहीं, हें एकदां सर्वांस कळावें, आणि या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्या एखाद्या गृहस्थास व विशेषतः त्याच्या घरच्या मंडळीस थोडा उपयोग व्हावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

सन २०२३ च्या आरंभीं माझें वजन ११६ किलो होतें. मधुमेह पंधरा वर्षांचा, गुडघे निकामी होत आलेले, आणि रात्रीं झोपेंत श्वास अडकत असल्यामुळें घरची मंडळी आळीपाळीनें जागत. चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत जे आठ पुरुष निंदित म्हणून सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूल हा एक आहे. तो भाग मीं तरुणपणीं मोठ्या चवीनें वाचला होता. तो आपणांसही उद्देशून आहे हें कळावयास साठी उलटावी लागली. पथ्यें करून पाहिलीं. वजन चार किलो उतरे आणि सहा चढे. अखेर चिरंजिवांच्या सांगण्यावरून जानेवारींत पुण्यास शस्त्रक्रिया करून घेतली.

या शस्त्रक्रियेंत जठराचा वरचा अगदीं लहान भाग, सुमारें ३० मिलिलिटर म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा, वेगळा करून तो लहान आंतड्यास जोडतात. बाकीचें जठर पोटांतच राहतें, पण अन्न त्यांत जात नाहीं. अमेरिकेंत आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं ही रीत योजिली. व्रणासाठीं जठराचा भाग कापून काढलेल्या रोग्यांचें वजन उतरतें, यावरून त्यांस ती सुचली. वाग्भटानें कुक्षीचे चार अंश कल्पून दोन अन्नास, एक पेयास व एक वायूस दिला आहे. माझ्या वांट्यास आलेल्या दोन चमच्यांची चौघांत वांटणी कशी करावी, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.

शस्त्रक्रियेचें भय व्यर्थ ठरलें. चौथ्या दिवशीं मी स्वतःच्या पायांनीं घरीं आलों. खरी परीक्षा पुढें स्वयंपाकघरांत व्हावयाची होती. पहिले दोन आठवडे केवळ पेयें, तींही घोट घोट. मग कालवलेलें, मग मऊ. आणि दोन महिन्यांनीं घरच्यासारखें जेवण. त्या दिवशीं सौ.नें हौसेनें पोळी केली. तिसरा घास उरोस्थीच्या मागें जो अडकला तो खालीं जाईना, वर येईना. तोंडास लाळ सुटली, छाती दाटली, आणि पानावरून उठून मोरीकडे धांव घ्यावी लागली. पोळी आणि मोकळा भात हे दोन शत्रु मीं त्या आठवड्यांत ओळखले. पातळ वरण, मुगाचें कढण, मऊ पनीर, दह्यांत कालवलेला मऊ भात हे मित्र. घास सुपारीएवढा, आणि तो तोंडांतच पीठ होईपर्यंत चावावयाचा. जेवतांना पाणी नाहीं. आधीं नाहीं, नंतरही अर्धा तास नाहीं. आपोशनाचें कसें, असें मीं डॉक्टरांस विचारलें. ते हंसले व तेवढ्याची परवानगी दिली.

परंतु घास अडकण्यापेक्षां कठीण गोष्ट निराळीच होती. चाळीस वर्षें जिनें मला वाढलें, ती समोर वाढावयास उभी असतां मी चार घासांत थांबूं लागलों. तिला कारण ठाऊक होतें; पण ठाऊक असणें निराळें आणि पानांत टाकलेलें अन्न पाहणें निराळें. "अहो, निदान एवढें तरी," असें ती म्हणे, मी मान हलवीं, आणि ती एक शब्द न बोलतां ताट उचलून नेई. मी भुकेलेला नव्हतों. भूक तर जवळजवळ नाहींशीच झाली होती. पण जीभ तीच होती, आणि फोडणीचा वास आला कीं मनाची तळमळ पूर्वीइतकीच होई. ही गोष्ट मला कोणीं आधीं सांगितली नव्हती. तिला मीं ती सांगावयास हवी होती. तेंही केलें नाहीं.

वैशाखांत व्याह्यांकडे मुलीच्या मुलाची मुंज झाली. पंगतींत व्याही स्वतः श्रीखंडाचें पातेलें घेऊन आले. "मास्तर, आज नाहीं म्हणावयाचें नाहीं, बटु तुमचाच नातू!" शेजारीं चार वडील माणसें. मला नाहीं म्हणवेना. वीस मिनिटांच्या आंत छाती धडधडूं लागली, अंगास दरदरून घाम सुटला, पोटांत कळा आल्या, आणि मला आंतल्या खोलींत नेऊन निजवावें लागलें. साखर त्या लहान पिशवींतून झपाट्यानें आंतड्यांत उतरते, आंतडें रक्तांतील पाणी ओढून घेतें. डॉक्टर यास डंपिंग म्हणतात. जिवास धोका नव्हता, पण तें कोणास ठाऊक ? नातू दाराशीं उभा राहून भेदरलेल्या डोळ्यांनीं पाहत होता. व्याह्यांचें तोंड उतरलें. तेव्हां सौ. विहीणबाईंस म्हणाली, "यापुढें यांना कोणीं आग्रह करूं नये. मीसुद्धां नाहीं."

त्या दिवसापासून आमच्या घरांत क्रम बदलला. दिवसांतून पांच-सहा वेळां थोडें थोडें, त्यांत आधीं डाळ, दहीं, पनीर. मग उरेल तर भाजी-भात. सूनबाई सुमारें ६० ग्रॅम प्रथिनांचा हिशेब स्वयंपाकघरांतल्या पाटीवर मांडते. चवथ्या महिन्यापासून केस गळूं लागले होते, ते पुढें थांबले. ब-१२, लोह व कॅल्शियम मात्र जन्मभर घ्यावयाचें, आणि रक्ताची तपासणी वेळच्या वेळीं करावयाची. यांत हयगय करणारे पुढें पस्तावतात. उलट्या कांहीं दिवस थांबल्याच नाहींत तर घरगुती उपाय न करतां तडक डॉक्टरांकडे जावें. ब-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूस व नाड्यांस इजा होते.

आज वजन ८१ किलो आहे. इन्शुलिन सुटलें, रात्रीं घर झोपतें. माझें जेवण नातवाच्या उष्टावणाच्या चांदीच्या वाटींत वाढलें जातें, आणि तो तिच्यावरील आपला हक्क मला रोज ऐकवतो. मी सर्वांच्या आधीं सुरुवात करतों आणि सर्वांच्या शेवटीं उठतों. काल सौ.नें विचारलें, "आज दीड वाटी गेली, नाहीं का ?" सव्वाच गेली होती. मीं हो म्हटलें.