भौगोलिक कारणे लिहा

प्रगतिपुस्तक घरी आले की वडील आधी गणिताचे गुण बघतात, आई इंग्रजीचे बघते आणि आजोबांना संस्कृतात किती पडले याची उत्सुकता असते. भूगोलाची चौकशी करणारे माणूस घरात सहसा नसते. वेळापत्रकातही त्या बिचाऱ्याची जागा जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे मुलांचे डोळे जड होतात तेव्हा! २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. गणिताचा झाला असता तर केवढा हलकल्लोळ उडाला असता! भूगोलासाठी कुणी हळहळल्याचे निदान माझ्या तरी कानावर आले नाही.

मी नववी-दहावीला भूगोल शिकवते. आमच्या प्रश्नपत्रिकेत एक ठरलेला प्रश्न असतो : 'भौगोलिक कारणे लिहा.' 'सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस कमी पडतो' हे त्यातले नेहमीचे विधान. मुले चार ओळी लिहितात, 'पर्जन्यछायेचा प्रदेश' या शब्दांखाली रेघ ओढतात आणि पुरे गुण घेतात. उत्तर बरोबरच असते. पण ही छाया पडते कुठे, किती लांब आणि कुणाच्या अंगावर, हे मात्र त्या चार ओळींत येत नाही. म्हणून दर हिवाळ्यात मी नववीचा वर्ग घेऊन वाईहून महाबळेश्वरला जाते. अंतर अवघे तीसेक किलोमीटर. पण भूगोलाचे एवढे मोठे पुस्तक इतक्या थोड्या जागेत उघडून ठेवलेले मला तरी दुसरीकडे माहीत नाही.

आमच्या सहलीला नियम एकच. गाडीत गाणी म्हणा, भेंड्या लावा, चिवडा खा. पण वहीत चार रकाने आखलेले हवेत. माती, पीक, झाड आणि छप्पर. गाडी थांबेल तिथे चारही रकाने भरायचे. पावसाचे आकडे मी आधी सांगत नाही. ते मुलांनी ओळखायचे.

पहिला मुक्काम वाईचा. कृष्णेच्या घाटावर मुले उतरली की पायऱ्यांवर धावतात. धावू द्यावे. मग त्यांना ढोल्या गणपतीच्या देवळामागे न्यावे. अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराची, निमुळती आहे. 'का बरे?' असे विचारले की कुणी म्हणतो शोभेसाठी, कुणी म्हणतो मत्स्यावतार! मग एखादी मुलगी नदीकडे पाहते, भिंतीकडे पाहते आणि म्हणते, "बाई, पुराचं पाणी कापायला!" बांधणाऱ्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता. तो जमिनीला विचारून बांधत होता, आणि भूगोल म्हणजे तरी दुसरे काय?

वाईला वहीत काय लिहिले जाते? माती काळी. पीक ज्वारी, हळद, आणि पाटाचे पाणी आहे तिथे ऊस. झाडे वड, लिंब, बाभूळ. छपरे बेताच्या उताराची, मधून मधून सपाट गच्च्या.

पुढे पसरणीचा घाट लागतो. इथे मी भेंड्या थांबवायला सांगते, कारण खिडकीबाहेरचा देखावा चुकवण्यासारखा नसतो. समोरचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात; उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांच्या या पायऱ्या. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना जो शब्द आहे, त्यावरूनच या खडकाला 'ट्रॅप' म्हणू लागले. मुले थर मोजू लागतात. मोजणी कुणाचीच जुळत नाही, आणि वाद पाचगणी येईपर्यंत चालतो!

पाचगणीच्या पठारावर, म्हणजे टेबललँडवर, बाकीची मंडळी घोड्यावर बसतात. आम्ही खाली वाकून दगड बघतो. पायऱ्यांचा दगड काळा होता, हा तांबडा आणि भोकाभोकांचा कसा? दर वर्षी वर्गात आजोळ रत्नागिरीकडचे असलेला एक तरी निघतोच. तो ओरडतो, "हा तर आमच्या घराचा चिरा!" बरोबर आहे. हा जांभा. काळ्याच खडकावर युगानुयुगे ऊन आणि पाऊस पडून त्यातले विरघळणारे क्षार वाहून गेले आणि लोखंडाचा गंज मागे राहिला. म्हणजे हा दगड ही पावसाची जुनी जमाखर्चाची वहीच म्हणायची. इथे वहीत 'माती तांबडी' असे लिहिले जाते आणि मुलांच्या मनात पहिली शंका येते : बारा किलोमीटरांत एवढा फरक?

महाबळेश्वरला पोचेपर्यंत शंकेची खात्री होते. छपरे पत्र्याची आणि तीव्र उताराची. पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून गवताचे नाहीतर प्लॅस्टिकचे पडदे बांधावे लागतात, हे तिथला कुणीही दुकानदार सांगतो. झाडे जांभूळ, हिरडा आणि अंजनाची. सदाहरित, पण वाऱ्याने खुजी झालेली, खोडांवर शेवाळ. पीक स्ट्रॉबेरी. तिचा अभ्यास मुले फार मनापासून करतात!

आता आकडे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणीला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. वाईला सातआठशे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे वाईला वर्षभरात जे मिळते, त्यातले पुष्कळसे इथे एका दिवसात कोसळले! त्याच दिवसांत खाली कोकणात महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेली होती.

कारण मी पंक्तीचे उदाहरण देऊन सांगते. समुद्रावरून आलेला वारा हा वाढपी. त्याच्या हातात पाण्याने भरलेली तपेली. सह्याद्रीची भिंत चढताना हवा वर जाते, वर गेली की थंडावते, आणि थंड हवेला बाष्प पेलवत नाही. म्हणून पंक्तीच्या आरंभी बसलेल्या महाबळेश्वराच्या पानात धो धो वाढले जाते. मग वारा पलीकडे उतरतो. उतरताना हवा तापते, वाढप्याचा हात आखडतो. वाईच्या पानात पळीभर, आणि आणखी पूर्वेला माणदेशात पोचेपर्यंत तपेलीला तळ दिसू लागतो. तिथे पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तेही नेमाने नाही.

एका वर्षी या उदाहरणावर सगळा वर्ग हसला, एक मुलगी मात्र हसली नाही. तिचे घराणे म्हसवडकडचे. तिचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते आणि पुढे पुण्याला आले ते कायमचेच. ती म्हणाली, "आजी म्हणते, आमच्या नशिबातच पाऊस नाही. मग बाई, हे नशीब की हा डोंगर?"

असा प्रश्न कुठल्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. मी तिला म्हटले, "पाऊस अडवला तो डोंगराने. पण पडलेलं पाणी पुढे कुणाला किती, हे डोंगर ठरवत नाही. चल, ते पुढच्या ठिकाणी बघू."

पुढचे ठिकाण क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम इथे मानतात. मुले ओंजळ भरून पाणी पितात आणि मग नकाशा पसरून बसतात. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरांच्या आत. सावित्री शहाण्यासारखी तिकडेच जाते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. कृष्णा मात्र जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून आंध्रापर्यंत सुमारे चौदाशे किलोमीटर चालत जाते. वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. एका शेंड्यावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक बंगालच्या उपसागराला जातो, दुसरा अरबी समुद्राला. हाच जलविभाजक. पुस्तकात तो तुटक रेघेचा असतो. इथे मुले त्याच्यावर बसून डबा खातात.

आणि मग कोयनेची गोष्ट. ती इथून दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते. तिथेच तिला धरणाने अडवले आणि डोंगर पोखरून तिचे पुष्कळ पाणी पश्चिमेला पोफळीच्या वीजघरांत सोडले. दिवे लागले, कारखाने चालले. वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत जाते आणि चिपळूणवरून समुद्राला मिळते. पूर्वेला जाणारे पाणी माणसाने पश्चिमेला नेले; जलविभाजकाची रेघच ओलांडली!

यावर परतीच्या गाडीत जो वाद होतो तसा वर्गात मी कधी ऐकला नाही. एक म्हणतो, वीज नको तर तुझ्या घरचा पंखा बंद कर. दुसरा म्हणतो, तेच पाणी दुष्काळी गावांना उपसून द्या. तिसरा विचारतो, उपसायला वीज कुठून आणणार? त्या वर्षी ती म्हसवडची मुलगी सगळे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आजीला सांगायला हवं. निम्मं डोंगराचं, निम्मं माणसांचं. नशीब कुठे आलं त्यात?" कात्रजच्या बोगद्यापर्यंत मग कुणी भेंड्या लावल्या नाहीत.

पालकांना माझे सांगणे इतकेच आहे. ही मुले उद्या मते देतील, घरे बांधतील, नदीकाठी भूखंड घेतील. नदीचा स्वभाव आणि पाण्याची वाट त्यांना कळली नाही, तर त्याचा दंड प्रगतिपुस्तकात नव्हे, आयुष्यात भरावा लागेल. आणि हे शिकवायला दर वेळी महाबळेश्वर गाठायला हवे असेही नाही. दिवाळीत तुमच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात मुलांनी मातीचा किल्ला केला असेलच. मावळे मांडण्याआधी माथ्यावर तांब्याभर पाणी सावकाश ओतायला सांगा. पाणी दोन बाजूंना वाहील, एका बाजूला ओहोळ पडेल, पायथ्याला गाळ साचेल. मग फक्त म्हणा, "भौगोलिक कारणे सांग बरं!" आणि उत्तर येईपर्यंत फराळाचे ताट पुढे करू नका!