ड्रायव्हर बॅगेतच राहू दे

गोल्फचा विषय निघाला की पब्लिक एकच प्रश्न विचारतं, "किती लांब मारतेस?" दोन वर्षं रेंजवर घाम गाळून माझा ड्रायव्हर जातो कसाबसा १६० यार्ड. आकडा ऐकला की समोरचा सहानुभूतीने हसतो आणि विषय बदलतो. त्यामुळे चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर एका बँकर मित्राने गेस्ट म्हणून बोलावलं तेव्हा पोटात गोळाच आला. सोबत त्याचे दोन कलीग. तिघंही सॉलिड लाँग हिटर!

१९२७ सालचा हा क्लब. कोर्स सहा हजार यार्डांच्या आसपास. मास्टर्स होते ते ऑगस्टा आता साडेसात हजारांच्या पुढे गेलंय, म्हणजे कागदावर आपलं चेंबूर अगदीच बच्चू. पण दोन्ही बाजूंची झाडं बघितली की कळतं, इथे दंडापेक्षा डोकं जास्त लागणार. २०१३ चं यूएस ओपन मेरियनला झालं होतं. तो कोर्सही सात हजार यार्डांच्या आत. 'हे पोरं फाडून खातील' असं बऱ्याच जणांना वाटत होतं. जिंकला जस्टिन रोझ, आणि त्याचाही स्कोअर पारपेक्षा एक जास्तच होता.

माझ्या वाट्याला आलेले कॅडी पन्नाशीचे. पहिल्या होलला 'मॅडम, इधर मारो' चाललं होतं. मी "काका, वारा कुठून आहे?" विचारलं आणि मॅडमची ताई झाले.

मग आला एक छोटा पार-फोर. लेडीज टीपासून जेमतेम २४० यार्ड. तिघं बघत होते, म्हणून मी ड्रायव्हरला हात घातला. काकांनी गुपचूप हायब्रिड पुढे केला.

"काका, ते सगळे ड्रायव्हर मारताहेत."

"मारू दे की. त्यांचे बॉल शोधायला माणसं आहेत. तुम्ही बंकरच्या अलीकडे ठेवा. तिथून ग्रीन उघडं दिसतं."

ठेवला. १३० यार्ड, अगदी बोअरिंग शॉट. तिथून सेव्हन आयर्न, बॉल घरंगळत ग्रीनवर. दोन पट, पार! मित्राचा ड्राइव्ह देखणा होता, फक्त तो झाडांत गेला. तिथून बाहेर, मग बंकर, मग सहा. (मी काही बोलले नाही. हसले असेन.)

पुढे चालताना काकांना विचारलं, स्वतः खेळता का? "पंच्याहत्तर-शहात्तर होतात," ते म्हणाले. आमच्या चौघांतला बेस्ट स्कोअर ८८ होता! १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे अली शेरही आधी कॅडीच होते, हे मला वाचून माहीत होतं. काकांना ते माझ्या जन्माआधीपासून पाठ असावं.

"माझी धाकटी पण मारते," काका म्हणाले. "तेरा वर्षांची आहे. लांब नाही जात तिचा, पण सरळ जातो. तुम्ही शिकता तिथे मुलींना घेतात का?"

"घेतात ना."

"महिन्याला किती?"

मी आकडा सांगितला. काकांनी मान डोलावली, बॅग खांद्यावर घेतली आणि पुढच्या टीकडे चालू लागले.