पाचशे डॉलरचा रॉड आणि रामनगरची मरळ

प्रस्तुत लेखकाला मासे धरता येतात, असा त्याचा स्वतःचा समज आहे. घरात हा समज फारसा पसरलेला नाही. सांगलीला कृष्णेच्या काठी कळकाच्या काठीने गळ टाकत वाढलेला हा माणूस नोकरीपायी बेंगळुरूला आला, व्हाइटफील्डच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर स्थिरावला आणि पन्नाशी जवळ आल्यावर त्याला पुन्हा पाण्याची ओढ लागली. मग त्याने नऊ हजारांचा एक रॉड घेतला. साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा, कार्बनचा. पावती बायकोला दाखवली नाही. पण रॉड बैठकीत जुळवून उभा केला तेव्हा तिने नुसता बघून किंमत सांगितली आणि ती पाचशे रुपयांनीच चुकली.

गेल्या डिसेंबरात तिचा धाकटा भाऊ टेक्सासहून सुट्टीला आला. तो डॅलसला असतो आणि जमेल त्या शनिवारी पहाटे ‘लेक फोर्क’ गाठतो. बास पकडणाऱ्यांचं ते पंढरपूरच. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ साली याच तळ्यात गळाला लागला. मेहुण्याच्या सामानात एक लांब नळी होती.

“दाजी, हा जरा हातात धरून बघा,” तो म्हणाला.

“कितीला पडला?”

“ते नंतर. आधी धरा तर.”

आकडा रात्री जेवताना फुटला: पाचशे डॉलर. रुपयांत चाळीस हजारांच्या वर. आमटी वाढणारा हात क्षणभर थांबला.

दुसऱ्या दिवशी तुलना स्वयंपाकघरात सुरू झाली. रवा-मैदा मोजायच्या काट्यावर दोन्ही रॉड आळीपाळीने चढले. लेखकाचा १४६ ग्रॅम, मेहुण्याचा १०९. “सदतीस ग्रॅमला तीस हजार जास्त,” लेखक म्हणाला. “सोन्यापेक्षा स्वस्तच की,” बायको म्हणाली आणि काटा धुवून जागेवर ठेवायला सांगून निघून गेली.

मग मेहुण्याने अमेरिकेतल्या गळवाल्यांची एक युक्ती दाखवली. एकाने रॉडचं टोक आपल्या कंठाला टेकवून बोलायचं आणि दुसऱ्याने डोळे मिटून मूठ धरायची. बोलण्याची थरथर मुठीत किती पोचते, त्यावरून रॉडचा ‘कान’ कळतो. मेहुणा टोक गळ्याला लावून बोलला, तेव्हा महागड्या रॉडच्या मुठीत स्पष्ट गुणगुण आली. नऊ हजारांच्या रॉडमध्येही आली, पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तशी.

हा फरक येतो कुठून? कार्बनचा धागा जितका ताठ, तितका तेवढ्याच ताकदीच्या काठीसाठी तो कमी लागतो. काठीची भिंत पातळ होते, वजन घटतं आणि थरथर वाटेत जिरत नाही. रॉडवर ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ असे आकडे छापलेले असतात, ते या ताठपणाचे. पण सगळ्या कंपन्या एकाच मापाने मोजतात असं नाही, आणि धागे बांधणारा राळेचा थर कसा आहे हे त्या आकड्यात येत नाही. दुसरा खर्च दोरी ओवायच्या कड्यांचा. मधल्या किमतीच्या रॉडवर स्टीलच्या चौकटीत ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चकत्या असतात. महाग रॉडवर टायटॅनियमची चौकट आणि सिलिकॉन कार्बाइडची चकती. जपानच्या ‘फुजी’सारख्या कंपनीचा असा अख्खा संच घेतला, तर त्या पैशांत एखादा साधा रॉड येतो. टायटॅनियम गंजत नाही आणि टोकाकडे तोळा-मासा वजन वाचलं तरी हाताला ते कळतं, कारण ते मुठीपासून सात फूट लांब असतं.

महाग काठीचं खूळ कार्बनच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून उंची रॉड बनवत. त्यासाठीचा बांबू सुरुवातीला भारतातून जाई आणि ‘कलकत्ता केन’ या नावाने ओळखला जाई. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, मग काचतंतू आले. १९७३ च्या सुमाराला ‘फेनविक’ने ग्रॅफाइटचा रॉड बाजारात आणला. आज तोच कार्बन रॉड विमानाने उलटा भारतात येतो.

परीक्षेला पाणी हवंच होतं. बास अमेरिकेचा, पण त्याच्या स्वभावाचा मासा आपल्याकडे आहे: मरळ. ती गवतात दबा धरते, बेडकावर झडप घालते आणि लागली की थेट झाडोऱ्यात घुसते. म्हणून बेंगळुरूतले हौशी गळवाले मरळीसाठी बासचेच रॉड आणि बासचेच रबरी बेडूक वापरतात. कोकणातल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात, पण तो बासचा नुसता नामबंधू.

रामनगरच्या बाजूला एक तळं आहे. त्याचा मासेमारीचा ठेका असलेल्या गृहस्थांची परवानगी काढली आणि रविवारी पहाटे पाचला म्हैसूर रस्ता धरला. ‘शोले’तले खडक उजाडताना दिसू लागले.

याच रस्त्याने पुढे कावेरी लागते, आणि बेंगळुरूच्या गळवाल्यांचं जुनं स्वप्न तिथलं. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा महासीर काढला होता. हे घराणं वाघ-बिबट्यांत पेंढा भरण्यासाठी प्रसिद्ध. कावेरीतल्या त्या कुबडाच्या महासीराला २०१८ साली ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासात एक मराठी धागाही आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या केंद्रात वाढवलेली खडस माशांची पिल्लं चांगल्या हेतूने कावेरीत सोडली गेली आणि पाहुण्यांनी घर बळकावलं. कावेरीकाठच्या अभयारण्यातली गळाची शिबिरंही बंद झाली. जाड, दणकट महासीर-रॉड माळ्यावर गेले आणि हलक्या रॉडांचे दिवस आले.

तळ्यावर धुकं होतं. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे कमळाच्या पानांमध्ये मधूनच ‘बुळुक’ व्हायचं. लेखकाने आपल्या रॉडने रबरी बेडूक पानांवर टाकला, थांबला, ओढला, पुन्हा थांबला. तिसऱ्या ओढीला पाणी फुटलं. अशा वेळी लगेच हिसका द्यायचा नसतो. मनात दोन आकडे मोजायचे, मग ओढायचं. लेखकाने दीड मोजला. तरी मरळ लागली. दीड किलोची असेल. पंधरा मिनिटांनी मेहुण्यालाही तेवढीच लागली. दोन्ही पाण्यात परत गेल्या.

सकाळभरात लेखकाच्या तीन, मेहुण्याच्या दोन. एका ठिकाणी लालसर पिलांचा पुंजका तरंगताना दिसला. खाली आई-बाप पहारा देत असणार, म्हणून तिथे बेडूक टाकला नाही.

नऊ हजारांनी चाळीस हजारांना हरवलं, हे सुख साडेदहापर्यंत टिकलं. बेडकाच्या खेळात सगळं डोळ्यांना दिसतं. काठीने काही सांगायची गरजच नसते, तिला फक्त गवतातून मासा उपसता आला पाहिजे, आणि ते काम मधल्या किमतीचा रॉड चोख करतो. ऊन चढलं, मरळी खोल गेल्या आणि मेहुण्याने शिशाचं वजन लावून रबरी गांडूळ तळाशी सोडलं.

“आता धरा माझा,” तो म्हणाला. “डोळे मिटून ओढा. हळू.”

मुठीत खरखर आली. “वाळू?”

“मुरूम. आता?”

काहीच नाही, नुसती जड ओढ. “चिखल.” मग एक बारीक, लवचिक अडथळा. “गवत.” त्याच जागी लेखकाने आपला रॉड टाकला. मुरूम कळला. चिखल आणि गवत मात्र एकसारखंच लागलं. पुढच्या तासात मेहुण्याने दोन मरळी काढल्या. दोन्ही वेळा लेखकाला बाहेरून काहीच दिसलं नव्हतं. दुपारी दोनला लेखकाचं मनगट दुखू लागलं. मेहुणा शीळ घालत होता.

ठेकेदार डबा घेऊन आले. त्यांनी दोन्ही रॉड हातात तोलून पाहिले आणि महागड्यावर बोट ठेवून विचारलं, “एष्टु?” मेहुण्याने लाजून निम्मी किंमत सांगितली. ठेकेदारांनी हिशेब करून सांगितलं की तेवढ्यात जाळी येतील.

ताठ कार्बनची एक खोड आहे. तो वाकायला तयार असतो, ठोका सोसत नाही. पातळ भिंतीला दगडाचा टवका लागला, की तडा आत राहतो आणि पुढच्या माशाला रॉड तिथेच मोडतो. लेखकाचा आधीचा रॉड मोडला तो मात्र सर्वस्वी त्याच्या चुकीने. मासा काठाशी आल्यावर त्याने रॉड सरळ उभा धरून मासा उचलला, सगळा भार बारीक टोकावर आला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. गळवाले सांगतात, रॉड माशांपेक्षा गाडीच्या दारात आणि पंख्यात जास्त मोडतात. म्हणून परतताना महागडा रॉड नळीत गेला आणि लेखकाचा मागच्या सीटवर तसाच आडवा पडला.

गाडीत मेहुण्याने जॉर्ज पेरीची गोष्ट काढली. जॉर्जियातल्या या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा बास काढला. दोघा मित्रांत मिळून एकच आमिष होतं. मासा तोलून झाल्यावर घरच्यांनी तो खाल्ला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित मोठा मासा काढला, पण फरक दोन औंसांहून कमी पडल्याने जागतिक विक्रम दोघांच्या नावे बरोबरीत राहिला.

“मग तू पाचशे डॉलर कशाला घातलेस?”

“पेरी आठवड्यातून पाच दिवस कीबोर्डवर बोटं आपटत नव्हता, दाजी. माझं मनगट दुपारपर्यंतच चालतं.”

लेखकाने रॉड बदलला नाही. दोन हजारांची चांगली विणलेली दोरी घेतली, कारण फारशा न ताणल्या जाणाऱ्या दोरीतून थरथर अधिक पोचते, आणि हलकं रीळ घेतलं. चिखल आणि गवत आता दहातून सहा वेळा वेगळं ओळखू येतं.

मेहुण्याने निघायच्या आदल्या दिवशी त्याच दुकानातून लेखकाच्या रॉडची जुळी काठी विकत घेतली. तिकांडी गळाच्या आमिषाला जरा मऊ, सावकाश वाकणारी काठी बरी, ताठ रॉडवर हिसका बसून मासा सुटतो, असं त्याचं म्हणणं पडलं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने नळी पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि आत काय आहे ते विचारलं.

“दोन फिशिंग रॉड.”

“नाजूक आहे का?”

मेहुण्याने क्षणभर विचार केला. “एक आहे,” तो म्हणाला.