पेटीतून निघालेलं घर

तंबू आणि घर यांचं लग्न लावलं तर काय होईल? अमेरिकेत त्याला ‘पॉप-अप कॅम्पर’ म्हणतात. गाडीमागे जोडलेली बुटकी पेटीच ती! मुक्कामी पोचलं की छप्पर वर चढतं, दोन्हीकडून बिछाने बाहेर सरकतात. भिंती मात्र कापडाच्या, बरं का!

यलोस्टोनच्या मॅडिसन तळावर आम्ही पोचलो, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं. फायरहोल आणि गिबन या नद्या इथं एकत्र येऊन मॅडिसन नदी होते. पण ती बघायला वेळ कुणाला! मामानं चाकांना ठोकळे लावले, पेटी गाडीपासून सोडवली. आता चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडायचे. हँडल फिरवून दंड भरून येतात, म्हणून मामानं ड्रिलला सॉकेट बसवलं. घर्रर्र! पाय झटक्यात जमिनीला!

मी लगेच ड्रिल घेऊन छपराच्या हँडलकडे धावलो. “थांब!” मामा ओरडला. “तिथं हातानंच.”

छप्पर पोलादी तारांवर चढतं. कुठं काही अडलं तर हाताला तेव्हाच कळतं. ड्रिल मात्र खेचतच राहतं आणि तार तुटू शकते. बघतो तर काय, मागच्या कोपऱ्याची कडी लागलेलीच! ती काढायचं काम माझ्याकडेच होतं.

खाऊचे डबे रात्री गाडीत बंद. कारण अस्वलं! याच उद्यानात फिशिंग ब्रिजच्या तळावर तर ग्रिझली अस्वलांमुळे कापडी भिंतीच्या कॅम्परला प्रवेशच नाही.

पाऊस कापडावर ताडताड वाजत होता. बाहेर जरा खुट्ट झालं, की मी मामाला हलवत होतो.