कोचिंगच्या गावात एक कोच

आमच्या नांदेडात ‘कोचिंग’ म्हटलं की एकच अर्थ निघतो: नीटचे क्लासेस. दहावीचा निकाल लागला की सलाम-दुआ होण्याआधीच नातेवाईक विचारतात, “कुठं लावला? नांदेडला की लातूरला?” आम्हीही तेच केलं. थोरल्याला लातूरला ठेवलं. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस. घरातल्या बांगड्या मोडल्या, त्याचंही काही वाटलं नाही. दोन वर्षांनी गुण कमी पडले. एक वर्ष रिपीट केलं. पुन्हा कमीच.

त्या रात्री पोरगा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी फजरनंतर मान खाली घालून म्हणाला, “अब्बा, अम्मी, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मी बी.ए. करतो, मग बी.पी.एड. मला पोरांना फुटबॉल शिकवायचाय.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पीटीचा मास्तर? त्यासाठी बांगड्या मोडल्या? त्या दिवशी आम्ही त्याला जे बोललो, ते इथं लिहायची लाज वाटते.

खाटेवर बसून नाना सगळं ऐकत होते. वय पंचाऐंशीच्या पुढं. ते एवढंच म्हणाले, “रहीमसाहेबही मास्तरच होते.”

नानांचं लहानपण हैदराबादेत गेलं. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. रहीमसाहेबांचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही लग्नापासून ऐकत होतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी म्हणून कधी मनावर घेतलं नव्हतं. २०२४ मध्ये ‘मैदान’ सिनेमा आला, तेव्हा कळलं की नाना कुणाबद्दल बोलत होते. मग आम्हीही थोडं वाचलं.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले आणि शिक्षक झाले. काचीगुड्याच्या शाळेतही त्यांनी शिकवलं. नांदेडहून हैदराबादला जाताना आपण ज्या काचीगुडा स्टेशनात उतरतो, तेच हे काचीगुडा. पुढं शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे, आम्ही ज्याला नाक मुरडलं, तेच काम.

या मास्तरांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकला. ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला हरवून सुवर्णपदक घेतलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा पराभव झाला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. तिथून आल्यावर खेळाडूंच्या पायात बूट आले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा आपल्या मुंबईत खेळणारा होता.

आमच्या मनात राहिलं ते पदक नाही. राहिली ती माणूस हेरायची नजर. सिकंदराबादकडच्या गरीब घरातल्या तुलसीदास बलराम या पोराचा खेळ त्यांना आवडला. सरावाला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तर सायकल भाड्यानं घ्यायला रहीमसाहेबांनी स्वतः पैसे दिले, असं सांगतात. तोच बलराम पुढं देशासाठी दोन ऑलिंपिक खेळला. मुलांसाठी ते कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवत. ज्याचा उजवा पाय चांगला, त्यानं डाव्यानं खेळायचं. पोरगा जिथं कमी पडतो तिथं त्याला रागवायचं नाही, तिथंच सराव द्यायचा. हे वाचताना आम्हाला आमचेच शब्द आठवले.

१९६२ मध्ये जकार्ताला जाताना त्यांना कर्करोग होता. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी. मैदानातली गर्दी आपल्या विरोधात. बचावफळीतला जरनैल सिंग डोक्याला टाके पडलेला, तर रहीमसाहेबांनी त्याला पुढं आक्रमणात खेळवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींनी केला, दुसरा जरनैलनं. दोन विरुद्ध एक, सुवर्णपदक. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण भारताला मिळालेलं नाही.

आमचा पोरगा रहीमसाहेब होईल, असं आम्ही म्हणत नाही. क्रीडाशिक्षकाची नोकरी सहज मिळत नाही, हे आम्हाला कळतं, आणि रात्री त्याची काळजीही वाटते. म्हणून बसून बोलून ठरवलं: बी.ए. नीट पूर्ण करायचं, सोबत एक भाषा पक्की करायची, म्हणजे शाळेत विषयही शिकवता येईल. त्यानं ऐकलं. आम्हीही झाल्या बोलण्याची माफी मागितली. आई-बापानं माफी मागितली तर इज्जत कमी होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता असरनंतर तो मोहल्ल्यातली बारा-चौदा पोरं घेऊन मैदानावर जातो. परवा आल्या आल्या कपाटातले स्वतःचे जुने बूट शोधायला लागला. एक पोरगा अनवाणी येतो म्हणे, पण डावा पाय फार चांगला आहे.

नाना खाटेवरून म्हणाले, “बूट मोठे होत असतील तर पुढं कापूस भर.”